माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मीच बसवलं

पांढुर्ण्याच्या बस स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथल्या माणसाने माझा लॅपटॉप उघडला, दोन-चार बटणं दाबली, झाकण लावलं आणि तो काउंटरवरून माझ्याकडे सरकवला.

"कबाड़ हो गया है, मॅडम. नया ले लो."

"कबाड कसा? चालू तर होते ना," मी म्हटलं.

"चालू होता है. पर नई विंडोज़ इसमें चढ़ेगी नहीं, और पुरानी के अपडेट बंद हो गए." मग शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहून तो हसला. "अब तो इसमें लिनक्स ही चलेगा. पर वो आपके बस का नहीं है."

हा माणूस घरी मराठी बोलतो. त्याची बायको दुकानात डबा घेऊन आली होती तेव्हा मी ऐकलं होतं. काउंटरवर मात्र हिंदी. त्याचं मला काही वाटलं नसतं, आमच्याकडे मध्य प्रदेशात बाजाराची भाषा हिंदीच आहे. पण 'आपके बस का नहीं है' हे तो ज्या सुरात बोलला, तो सूर मी नोकरीभर ऐकत आले होते. मी लॅपटॉप पिशवीत घातला, स्टँडवर येऊन सौंसरच्या बसमध्ये बसले आणि बस सुटेपर्यंत फोनवर शोधून काढलं की लिनक्स म्हणजे काय.

मी नर्स होते. सौंसरच्या आसपासच्या गावांमध्ये उपकेंद्रावर नोकरी केली. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, आणि ज्याचा श्वास चालू आहे त्याला मेला म्हणणाऱ्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढलं. त्यामुळे चालणाऱ्या वस्तूला कोणी कबाड म्हटलं की माझं डोकं तापतं.

तो लॅपटॉप मी नोकरीत असताना घेतला होता. निवृत्त झाल्यावर आमच्या विहाराच्या अभ्यासिकेला देऊन टाकला. विहाराला लागून एक खोली आहे, तिथे वस्तीतल्या मुली कॉलेजातून आल्या की बसतात. कोणाची आई कापूस वेचायला जाते, कोणाचे वडील संत्र्याच्या गाड्या भरतात, कोणाच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं. त्या लॅपटॉपवर मुली टायपिंगचा सराव करायच्या आणि परीक्षांचे व्हिडिओ बघायच्या. पण तो इतका संथ झाला होता की मुली बटण दाबायच्या, खोली झाडून काढायच्या आणि मग येऊन बघायच्या, उठला का ते.

दुकानातून आल्यावर मी विहाराच्या कमिटीच्या बैठकीत सांगितलं की ह्याच्यावर लिनक्स बसवायचं, आणि ते मी बसवणार. आमचे सचिव नगरपालिकेतून निवृत्त झालेले, माणूस चांगला, विहाराचं छप्पर त्यांच्या धावपळीनेच झालं. ते म्हणाले, "सिस्टर, तुमी कायले जीव काढून राहिल्या? साहेबांकडे एक अर्ज देऊ. नवा लॅपटॉप येते."

"कोणते साहेब?"

"ते आपलं पाहू ना. जो देईन तो. छोटासा कार्यक्रम घेऊ, हार घालू, फोटो काढू. झाकणावर त्यांच्या नावाचं स्टिकर लागन, बस."

"आणि तोवर पोरी काय करतीन?"

"थांबतीन. इतके दिस थांबल्याच ना."

मला हेच नको होतं. मुली अभ्यासाला बसल्या की समोर कोणाचं तरी नाव, आणि ते नाव वाचून रोज उपकार आठवायचा. मी म्हटलं, "थांबणार नाहीत. लॅपटॉप मी दिला होता, मीच नीट करीन. बिघडला तर तुमचा अर्ज आहेच."

बैठकीत कोणी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी ते हो धरून लॅपटॉप घरी आणला.

घरी आमचे मालक संत्र्याच्या झाडांना पाणी देऊन आले होते. पिशवी पाहून म्हणाले, "आता हे काय आणलं वं?"

"लिनक्स बसवणार आहे."

"तुले येते?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय, येईन."

ते हात-पाय धुवायला गेले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं आहे की अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.

नव्याने कोणी बसवणार असेल तर त्याला मी आधी लिनक्स म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगते. विंडोजच्या जागी बसणारी ती दुसरी सिस्टीम. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कोणीही घ्यावी, वापरावी, दुसऱ्याला द्यावी, त्यात चोरी नाही. कापसाच्या बियाण्याचे असतात तसे तिचेही पुष्कळ वाण आहेत. माझ्या मशीनची ताकद कमी, म्हणून मी हलका वाण निवडला. कोणता ते मी सांगत नाही. कारण मी पाहिलं आहे, कोणता चांगला ह्याच्या भांडणातच नव्या माणसाचा अर्धा दम जातो. आपल्या मशीनची स्मृती, म्हणजे रॅम, किती हे बघावं, तेवढ्यात चालेल असा एक घ्यावा आणि बसवून मोकळं व्हावं. नाही आवडला तर दुसरा बसवावा, कोणी रागावायला येत नाही.

पहिलं काम मी केलं ते लॅपटॉपमधलं सगळं सामान बाहेर काढण्याचं. मुलींच्या नोट्स, विहाराचे फोटो, माझी जुनी कागदपत्रं. एका हार्ड डिस्कवर उतरवली आणि शेजारणीच्या कॉम्प्युटरवर जाऊन फाइली उघडून पाहिल्या. हे उघडून पाहणं लोक टाळतात. उतरलं असं स्क्रीनवर लिहून आलं की त्यांना पुरतं. मला नाही पुरत. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय मी कधी सुई भरली नाही.

मग लिनक्सची फाइल फोनच्या नेटवर उतरवायला लावली. मोठी फाइल, मध्येच नेट जायचं, पुन्हा यायचं. उतरल्यावर ती पूर्ण आहे की नाही हे तपासायला आकडे-अक्षरांची एक लांबलचक खूण साइटवर दिलेली असते. आपल्या फाइलची खूण काढायची आणि दोन्ही जुळवायच्या. माझी जुळली नाही. पुन्हा उतरवली. मालक म्हणाले, "तेच का पुन्हा आणून राहिली?" मी म्हटलं, "पहिलं तुटकं आलं." दुसऱ्यांदा जुळली.

ती फाइल मी पेनड्राइव्हवर टाकली, लॅपटॉपला लावली, सुरू केला. आली विंडोजच. पुन्हा केलं, पुन्हा विंडोज. अख्खी दुपार ह्यात गेली. मग कळलं की फाइल नुसती पेनड्राइव्हवर ठेवून चालत नाही. ती एका छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहावी लागते, म्हणजे मशीन तिथून उठू शकतं. आणि मशीनला सांगावंही लागतं की आज तू पेनड्राइव्हवरून ऊठ. त्यासाठी सुरू होताना वरच्या रांगेतलं एक बटण दाबायचं असतं, आणि प्रत्येक कंपनीने ते वेगळं ठेवलेलं. स्क्रीनवर ते कोणतं हे एक क्षण दिसतं, वाचेपर्यंत नाहीसं होतं. मी मालकांना समोर बसवलं आणि म्हटलं, "तुमी खालच्या कोपऱ्यात पाहा, मी बटण दाबते." त्यांनी चष्मा पुसला. तिसऱ्या वेळी ते ओरडले, "बारा! एफ बारा लिहेल हाय!"

बारा दाबलं आणि लिनक्स आलं. लॅपटॉपवर काहीही न बदलता, नुसतं पेनड्राइव्हवरून. ही सोय फार चांगली आहे. घर घेण्याआधी त्यात राहून पाहावं तसं. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, सगळं पाहता येतं. सगळं चाललं, फक्त वायफाय दिसेना. पण तेवढ्याने मी थांबणार नव्हते. मी बसवायला सुरुवात केली.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेली होती, तो वायरवरच चालायचा. बसवण्याची पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली.

लाइट आली तेव्हा काळी स्क्रीन आणि तिच्यावर इंग्रजीत दोन पांढऱ्या ओळी. विंडोज पुसली गेली होती आणि लिनक्स पुरतं आलं नव्हतं. नेमके त्याच दिवशी संध्याकाळी सचिव घरी आले, बायकोची रक्तदाबाची गोळी विचारायला. त्यांना काळी स्क्रीन दिसली.

"सिस्टर, होता तोही गेला म्हणा."

"गेला नाही. अर्धवट आहे."

"मी उद्या अर्ज लिहून टाकतो."

"लिहा," मी म्हटलं. "पण चहा घेऊन जा."

ते गेल्यावर मला रडू आलं, हे खोटं कशाला सांगू. सगळ्या कमिटीसमोर छाती ठोकली होती. मुलींना काय सांगायचं? मालक बाजूला येऊन बसले. म्हणाले, "पेनड्राइव्ह हाय ना अजून?"

"आहे."

"त्याच्यातलं गेलं का?"

"नाही."

"मंग रडून कायले राहिली?"

खरंच होतं. औषध शाबूत होतं, सलाइन तेवढी मध्ये निसटली होती. लाइट जाणार नाही अशी जागा पाहिजे होती. आमच्या घरी इन्व्हर्टर नाही, विहारात नाही. सौंसरात पुष्कळांकडे आहे आणि मला कोणीही बसू दिलं असतं. पण मला जागा सुचली ती एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि फोनची वायर घेऊन पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. दुकान नुकतंच उघडलं होतं. तो अगरबत्ती लावत होता.

"बोलिए मॅडम. नया देखना है?"

"नहीं. आपके यहाँ इन्व्हर्टर है ना? मुझे एक प्लग चाहिए और बैठने को स्टूल."

"करना क्या है?"

"जो मेरे बस का नहीं है वो."

त्याला बहुतेक मी आठवले. त्याने काउंटरमागून स्टूल काढून दिलं. त्याने हाकललं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित बाहेर पायरीवर बसले असते.

मी बारा दाबलं. लिनक्स आलं. सगळ्यात आधी ते भाषा विचारतं, लांबच लांब यादी असते. त्या यादीत मी खाली खाली गेले. हिंदी आलं, ते ओलांडलं. आणखी खाली 'मराठी' असं मराठीतच लिहिलेलं होतं.

तो मागून पाहत होता. "हिंदी रखिए, मॅडम. मराठी यहाँ कौन रखता है?"

"मी ठेवते," मी मराठीत म्हटलं.

मी मध्य प्रदेशात जन्मले, इथेच नोकरी केली, सगळे अहवाल हिंदीत लिहिले आणि हिंदीशी माझं भांडण नाही. पण पोटात दुखतं हे सांगायला बायका माझ्याकडे मराठीत यायच्या. शाळा, कचेरी, दुकान, कुठेच मला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुझी भाषा कोणती. ह्या मशीनने विचारलं. विचारल्यावर मी खोटं उत्तर का द्यावं?

वायफाय ह्याही वेळी दिसेना. पण ह्या वेळी मी वाचून आले होते. फोन वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनमध्ये नेट वाटण्याची सोय सुरू करायची. तसं केलं आणि नेट आलं. नेट आल्यावर लॅपटॉपनेच वायफाय चालवणारा प्रोग्रामचा तुकडा शोधला आणि बसवू का म्हणून विचारलं. दुकानदार वाकून पाहायला लागला होता. पुढचा प्रश्न आला, सगळी डिस्क पुसायची का?

"सोच लीजिए," तो म्हणाला. "डेटा सब चला जाएगा."

"डेटा घरी आहे. उघडून पाहिला आहे."

नव्या लोकांना मी इथे थांबवते. विंडोजही पाहिजे असेल तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात, पण मग ही स्क्रीन नीट वाचायची, कोणता भाग कोणाला ते समजेपर्यंत पुढे जायचं नाही. घाबरून मागे यायला काही लाज नाही. पुढे गेलेल्याला मात्र मागे येता येत नाही. माझ्याकडे पुसायला काही उरलंच नव्हतं. मी पुढे गेले.

पट्टी सरकायला लागली. तेवढ्यात लाइट गेली. दुकानातला पंखा क्षणभर मंदावला, इन्व्हर्टर कट्ट आवाज करून सुरू झाला आणि पंखा पुन्हा फिरायला लागला. पट्टी सरकतच होती. दोन गिऱ्हाइकं आली, एकाचा प्रिंटर होता. त्यांच्याशी बोलता बोलता दुकानदाराचं लक्ष माझ्याकडेच. शेवटी न राहवून म्हणाला, "आता काय करून राह्यलं ते?"

"सामान लावून राह्यलं," मी म्हटलं. "घरात आलं ना, आता मांडामांड."

"आणि हे टाइम कोणता मागते?"

"कोणत्या गावचं घड्याळ ठेवू म्हणते."

"आपलं पांढुर्णं असन का त्यात?"

"जिल्हा झाला तरी नाही."

तो हसला. ह्या वेळचं हसणं मला टोचलं नाही.

मशीनने सांगितलं, पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा सुरू करा. काढला. सुरू केला. विंडोज उठायची त्याच्या पावपट वेळात स्क्रीन आली. वर मराठीत तारीख, कोपऱ्यात 'कचरापेटी'. दुकानदाराने माऊस माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि एक एक गोष्ट उघडून पाहायला लागला. मग म्हणाला, "मॅडम, हा पेनड्राइव्ह माझ्यापाशी ठेवून जा. माझ्याकडे असे लॅपटॉप पुष्कळ येतात."

"हा नाही देत. कसा बनवायचा ते दाखवते. तुमी बनवा."

त्याने स्टूल ओढलं. दुपारची बस मी सोडली, नंतरच्या बसने गेले.

सगळं गोड झालं असं मी कोणाला सांगत नाही. विहाराचा जुना स्कॅनर आजही लिनक्सवर चालत नाही. मी बरीच डोकेफोड केली आणि सोडून दिलं. मुली पहिल्या दिवशी नाराजच होत्या. एक म्हणाली, "सिस्टरबाई, टायपिंगची परीक्षा जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर होते. ह्याच्यावर अक्षरं दुसरीच उमटून राहिली." तिचं बरोबर होतं, तिच्या नोकरीचा प्रश्न होता. ती मांडणी लिनक्समध्ये आहे, पण आत कुठेतरी ठेवलेली. सापडेपर्यंत मी तिच्यापुढे बसून राहिले आणि तिने तोपर्यंत माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापुढे सचिवांचं बोलणं काहीच नव्हतं. सापडली. तिने एक परिच्छेद टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला आणि मान न उचलता म्हणाली, "जमते."

मराठीचंही तसंच. अर्धे शब्द मराठी, मध्येच इंग्रजी, आणि काही मराठी इतकी जड की मालक विचारायचे, "हे कोणत्या गावचं आहे?" मग मला कळलं की ही भाषांतरंही लोकच करतात आणि चुकलं तर कोणीही दुरुस्ती पाठवू शकतो. मी पाठवायला लागले. एका ठिकाणी 'कृपया प्रतीक्षा करा' होतं, तिथे मी 'थोडं थांबा' सुचवलं. कोणीतरी ते नाकारलं, बोलीभाषा आहे म्हणून. मी पुन्हा पाठवलं आणि खाली लिहिलं की आमच्याकडे थांबायला असंच सांगतात. अजून उत्तर आलेलं नाही. पुन्हा पाठवीन.

सचिवांनी अर्ज लिहिलाच होता. साहेबांकडून निरोप आला की पाहू. दरम्यान विहाराच्या एका कार्यक्रमाची पत्रिका छापायची होती, तेव्हा ते अभ्यासिकेत आले आणि आमच्याच लॅपटॉपवर बसले. पत्रिका छापून झाल्यावर म्हणाले, "सिस्टर, नवा आला तर चांगलंच आहे पण."

"येऊ द्या," मी म्हटलं. "त्याच्यावरही मीच बसवीन. आणि स्टिकर निघेपर्यंत मी खरवडीन."

ते म्हणाले, "तुमच्यापुढं बोलणंच बंद," आणि पत्रिका घेऊन गेले.

गेल्या आठवड्यात मोहगावचे एक निवृत्त गुरुजी आले. पांढुर्ण्याच्या त्याच दुकानाने त्यांना पाठवलं होतं. लॅपटॉप पंच्यात गुंडाळून आणला होता. म्हणाले, "ताई, एवढं करून द्या जी. मी इथं बसतो."

मी लॅपटॉप त्यांच्याचकडे वळवला. "मी सांगते. करा तुमी."

"मी? अन् चुकलो तर?"

"चुकसान. मंग पुन्हा करू."

"माह्यं वय पाहिलं का तुमी?"

"मी माझंही नाही पाहिलं. सामान बाहेर काढून ठेवलं का?"

त्यांनी हार्ड डिस्क दाखवली. मी म्हटलं, "उघडून पाहिली?" नव्हती पाहिली. आधी ते करायला लावलं. तिसरी फाइल उघडेना, नातीच्या लग्नाचे फोटो होते. गुरुजींचा चेहरा उतरला, मग त्यांनीच मूळ लॅपटॉपमधून ते पुन्हा उतरवले आणि पुन्हा उघडले. तोवर दोन मुली येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना खुणेनेच सांगितलं, हात लावायचा नाही.

भाषेच्या यादीवर गुरुजी आले. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत खाली उतरायला लागले, वर्गात हजेरी घेतात तसे.